पिवळा किती ठेवायचा?

चि. सायली,


सोमवतीला जेजुरीला निघाली आहेस आणि कॅमेरा रॉवर ठेवू की जेपेगवर, असं विचारलंयस. जेपेग काढतो तो नवशिका, असं तुझे मित्र म्हणतात म्हणे. असल्या जातीपाती आमच्या वेळीही होत्या. स्लाइडवाले निगेटिव्हवाल्यांकडे नाक मुरडून बघायचे. स्लाइडचं एक्स्पोजर अर्धा स्टॉप हुकलं तरी नजरेत भरायचं, म्हणून त्यांचा तोरा. निगेटिव्ह सोशिक, पण तिच्या प्रिंटचा रंग ठरवायचा कोण, तर लॅबमध्ये मशीनवर बसलेला माणूस. नवरीची साडी मोरपिशी होती की हिरवी, हे त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तरी शेवटचा शब्द त्याचाच. तुझ्या प्रश्नाचं मूळही तिथंच आहे: रंग कोणी ठरवायचा, आणि कधी?

आधी कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं ते बघ. सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची बारीक जाळी बसवतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या या जाळीला 1976 साली पेटंट मिळालं आणि बहुतेक कॅमेऱ्यांत आजही तीच असते. तुझ्या 24 मेगापिक्सेलमध्ये निम्मे बिंदू हिरवे, उरलेल्यात लाल आणि निळे समसमान. म्हणजे प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजलेला असतो; बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरायचे. रॉ फाइलीत हे मोजमापच असतं. तेव्हा ‘रॉ म्हणजे अस्सल, न शिवलेला फोटो’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. तो फोटो व्हायचाच असतो. कुणीतरी शिवल्याशिवाय तो डोळ्यांना दिसतच नाही.

जेपेगमध्ये हे सगळं कॅमेरा क्षणात उरकतो. व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, धार काढतो, नॉइज पुसतो आणि मग 8 बाय 8 बिंदूंचे तुकडे करून, डोळ्याला चटकन जाणवणार नाही असा तपशील टाकून देतो. रॉ 14 बिटचं असेल तर प्रत्येक बिंदूला उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 उरतात. चांगल्या उजेडात, एक्स्पोजर बरोबर असेल तर तेवढ्या पुरतात. नंतर सावली उचलायला गेलीस किंवा आकाश ओढायला लागलीस, की मात्र रंगाचे पट्टे दिसायला लागतात.

जेजुरीत हे हमखास आडवं येतं, कारण भंडारा. पालखी निघते, मुठी हवेत जातात आणि उन्हात हळदीचा ढग उभा राहतो. हा पिवळा भलताच गडद असतो. जेपेगमध्ये त्याचा लाल चॅनेल 255 ला जाऊन टेकतो, निळा शून्यावर येतो आणि ढगातली वळणं दाखवायला एकटा हिरवा उरतो. त्यातून पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’वर असेल तर बघायलाच नको: पायऱ्या, दीपमाळ, माणसांचे खांदे यांच्यावर पिवळा रंग थापल्यासारखा दिसतो. रॉमध्ये तोच ढग बहुतेक वेळा शाबूत असतो. एक्स्पोजर थोडं उतरवायचं, फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करायचं, की पूड कुठं दाट आहे, कुठं विरळ होऊन पलीकडचा चेहरा दिसतोय, ते उलगडत जातं. पण सेन्सरच भरून वाहिला असेल तर रॉसुद्धा काही करू शकत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं की पडलं, तसंच ते. शिवाय मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, जेपेगवरून काढलेला असतो, हे लक्षात ठेव. तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावून घे आणि लालवर डोळा ठेव.

म्हणून जेजुरीला रॉ काढ. पण त्यासाठी जेपेगवाल्याला हिणवू नकोस. 2015 साली रॉयटर्सनं आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलं जेपेगच पाठवा. एक तर बातमी लवकर जायला हवी, आणि दुसरं म्हणजे घरी बसून केलेल्या रंगरंगोटीला वाव नको. तिथं रंग जागेवरच ठरवावा लागतो. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर बटण दाबण्याआधी बरोबर असावं लागतं. ही शिस्त सोपी नाही. बारशाचे, सहलीचे, कुणाला संध्याकाळीच व्हॉट्सअॅपवर हवे असलेले फोटो तूही खुशाल जेपेगमध्ये काढ.

रॉ घेणं म्हणजे निर्णय पुढं ढकलणं. पुढं ढकललेला निर्णय कधीतरी घ्यावाच लागतो, आणि बरेच जण तो घेतच नाहीत. हार्डडिस्कवर ढीग साचतो, नाहीतर बाजारात मिळणारा एखादा प्रीसेट सगळ्यांवर सरसकट फिरवला जातो. मग लॅबमधल्या त्या माणसात आणि यात फरक काय? त्याला निदान रोजच्या सरावाची नजर तरी असायची. तू स्वतः गडावर उभी होतीस, हळद तुझ्या केसांत पडली, ऊन किती कडक होतं ते तुला माहीत आहे. रॉ काढायचं ते या माहितीसाठी, आणि ती ताजी असते तोवरच तिचा उपयोग. त्याच आठवड्यात बस. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढ्यावर भागेल.

दोन कामाच्या गोष्टी: भंडाऱ्यात लेन्स बदलू नकोस, पूड सेन्सरवर बसते. आणि पहिल्यांदा जाते आहेस तर रॉ आणि जेपेग दोन्ही ठेव. कॅमेऱ्यानं काय ठरवलं आणि तू काय ठरवलंस, हे शेजारी ठेवून बघता येईल.

मला शेकड्यानं पाठवू नकोस. पाचच पाठव, आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिही, की पिवळा एवढाच का ठेवला. जिथं ती ओळ सुचणार नाही, तिथं कॅमेऱ्याचं जेपेग पाठवलंस तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
मामा