तात्पुरतं म्हणजे किती वर्षं?

विंडसर कॅनडात आहे आणि डेट्रॉइट अमेरिकेत. मधे फक्त एक नदी. नदीवर पूल आहे, खालून बोगदा आहे. विंडसरच्या कितीतरी नर्सेस रोज पलीकडच्या हॉस्पिटलांत ड्यूटीला जातात आणि ड्यूटी संपली की घरी जेवायला परत येतात. मी इंजिनिअर आहे, मूळचा सांगलीचा, आता कॅनडाचा नागरिक. माझीही ये-जा अशीच चालते.

ही ये-जा ज्या परवान्यावर होते त्याला टीएन म्हणतात. १९९४ साली लागू झालेल्या नाफ्टा करारातून तो आला. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला, तरी टीएन टिकला. करारात साठेक व्यवसायांची यादी आहे: इंजिनिअर, अकाउंटंट, नर्स, फार्मासिस्ट, ग्रंथपाल वगैरे. तुमचा व्यवसाय यादीत असेल, डिग्री आणि नोकरीचं पत्र हातात असेल, तर कॅनडाचा नागरिक थेट सीमेवरच अर्ज करू शकतो. मेक्सिकोच्या नागरिकाला आधी वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. एच-१बीसारखी लॉटरी इथे नाही, संख्येची मर्यादाही नाही. एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं मिळतात आणि नूतनीकरण किती वेळा करायचं यावर बंधन नाही.

बंधन एकाच गोष्टीचं आहे. तुमचा इथे कायम राहण्याचा हेतू नसावा. मुक्काम तात्पुरता आहे, त्याला कुठेतरी शेवट आहे, हे तुम्ही अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. मला खटकतं ते इथेच.

माझ्यापुरता हा प्रश्न सोपा आहे. मी रोज रात्री माझ्या देशात झोपतो. ‘परत जाणार का?’ असं कुणी विचारलं तर ‘हो, सहा वाजता’ हे माझं खरं उत्तर आहे. पण माझी एक मैत्रीण याच परवान्यावर शिकागोत राहते. ती नाशिकची, टोरोंटोत शिकली, कॅनडाची नागरिक झाली आणि नोकरीसाठी पलीकडे गेली. त्याला १२ वर्षं झाली. चार वेळा नूतनीकरण झालंय. मुलगा तिथेच जन्मला, म्हणून तो अमेरिकन नागरिक. नवरा अवलंबित म्हणून आला, त्याला काम करायची परवानगी नाही. ती कर भरते, मत देत नाही. उद्या नोकरी गेली तर नवी शोधायला फार तर ६० दिवस मिळतील.

मग ग्रीन कार्ड का नाही, असं तुम्ही विचाराल. टीएन देताना तिचं नागरिकत्व पाहिलं जातं, म्हणून ती शेजारीण ठरते. ग्रीन कार्डच्या रांगेत मात्र जन्मदेश पाहिला जातो, म्हणून ती भारताच्या रांगेत, लाखोंच्या मागे. शिवाय त्या रांगेत नाव घालणं म्हणजे कायम राहायचा हेतू कबूल करणं, आणि त्यामुळे पुढचं टीएन धोक्यात येऊ शकतं. खरं बोलावं तर पायाखालचं जातं. म्हणून ती दर ३ वर्षांनी सांगते, मी तात्पुरती आहे.

हे खोटं आहे का? मला तसं म्हणवत नाही. हेतू ही आधार कार्डावरच्या जन्मतारखेसारखी गोष्ट नाही, की एकदा नोंदवली आणि झालं. ती आली तेव्हा खरंच दोन-तीन वर्षांत परतणार होती. मग मूल झालं, शाळा लागली, शेजारच्या आजीशी सूत जुळलं. माणूस कुठे राहतो यातूनच त्याचा हेतू हळूहळू बदलत जातो. कायदा मात्र दर वेळी पहिल्या दिवसाचाच हेतू मागतो.

यावर नेहमीचं उत्तर असं, की सही तिनेच केली, अटी माहीत होत्या. सही केली हे खरं. पण ३ वर्षांना चार वेळा होकार देणं आणि १२ वर्षं पाहुणी म्हणून राहायला होकार देणं, ही एकच गोष्ट नव्हे. मायकेल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताने १९८३ मध्येच पाहुण्या कामगारांबद्दल लिहिताना मांडलं होतं, की कुणाला आत घ्यायचं हे देशाने ठरवावं. पण ज्यांच्या श्रमावर देश चालतो त्यांना सदस्यत्वाचा रस्ता मोकळा हवा. टोरोंटोचे जोसेफ कॅरेन्स म्हणतात, राहण्याचा काळ वाढतो तसा माणसाचा त्या समाजावरचा हक्कही वाढतो.

मला हे पटतं, पण एक भीतीही वाटते. टीएनचं दार इतकं सताड उघडं आहे ते त्यात कायमपण नाही म्हणूनच. उद्या प्रत्येक टीएनवाल्याला १० वर्षांनी हक्क द्यायचे ठरले, तर यादी लहान होईल, लॉटरी येईल, आणि विंडसरच्या नर्सेसनाही पूल बंद होईल. मार्टिन रूस या अभ्यासकाने हीच अडचण दाखवली आहे: हक्क वाढवले की श्रीमंत देश माणसं कमी घेतात. म्हणजे मैत्रिणीला न्याय द्यायचा, तर किंमत कदाचित अजून न आलेल्या कुणीतरी मोजायची.

तरीही माझं मत असं, की निदान प्रश्न विचारणं थांबवावं. अमुक वर्षांनंतर अधिकाऱ्याने नोकरी पाहावी, कर पाहावा, पण हेतू विचारू नये. याने दार लहान होत नाही. फक्त माणसाला स्वतःच्या आयुष्याविरुद्ध साक्ष द्यावी लागत नाही.

हे लिहिताना आपल्याकडचा शेजारी आठवतो. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस भारतात व्हिसाशिवाय राहू शकतो, काम करू शकतो. यादी नाही, मुदत नाही, हेतूही कुणी विचारत नाही. कायदा म्हणून हे टीएनपेक्षा कितीतरी उदार आहे. पण पुण्या-मुंबईच्या किती सोसायट्यांत १५-१५ वर्षं गेट सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नुसतं ‘बहादूर’ म्हणतात, आणि त्याचं खरं नाव कमिटीच्या सेक्रेटरीलाही सांगता येत नाही. त्याला तात्पुरतं ठेवायला आपल्याला कायद्याची गरज पडलेली नाही.