सरकी कुठे जाते?

खानदेशात थंडी पडली की शेताशेतांत भरताच्या पार्ट्या रंगतात. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच; गॅसवर भाजलेल्या भरताला यावल-भुसावळकडची मंडळी भरीत म्हणायलाही तयार नसतात. वांगं फिकट हिरवं, हातात न मावणारं, बिया कमी. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बियाणं पुष्कळदा घरचंच: चांगलं फळ झाडावरच पिकू द्यायचं आणि पुढच्या वर्षासाठी राखायचं. खालची काडी मात्र अळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीची. दुसरी कपाशी आता शोधावी लागते.

म्हणजे जे तंत्र वांग्यात घालायला देशाने मनाई केली, त्याच तंत्राच्या जाळावर आपण वांगं भाजतो. काडीतलं जनुक धुरातून भरतात उतरत नाही, तेव्हा यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न वेगळा आहे. कपाशीला हो आणि वांग्याला नाही म्हणताना आपण एक रेघ ओढली: पोटात जाणारं आणि न जाणारं. ही रेघ आली कुठून, आणि टिकली किती?

जनुकांच्या आधीही खानदेशाने नवं अन्न पारखलं होतं, पण ते जिभेने. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. पोती भरली, कडबा मात्र ठेंगणा निघाला आणि भाकरीला चव नाही अशी तक्रार घराघरात सुरू झाली. बहात्तरच्या दुष्काळात परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीने तर ती लाल भाकरी आयुष्यभर विसरली नाही. म्हणूनच ज्याला परवडतं तो आजही दादर ज्वारीचीच भाकरी मागतो. पुढे नव्वदच्या दशकात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आली आणि रावेर-यावलचं अर्थकारण बदललं. या केळीला अजूनही कुणीतरी ‘जीएम’, म्हणजे जनुकीय बदल केलेली, म्हणतं. ती तशी नाही. केळी बियांपासून लावतच नाहीत, कंदाऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप लावलं एवढंच. पण संशय एकदा सैल सुटला की तो कुठेही बसतो.

मार्च 2002 मध्ये केंद्राने जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या तीन बीटी कपाशी वाणांना परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी गुजरातेत नवभारत-151 नावाचं परवाना नसलेलं बीटी वाण शेतांत सापडलं, ते नष्ट करण्याची भाषा झाली, आणि शेतकरी नेते शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हाचा सगळा वाद काढून पाहा. बियाण्याची किंमत, परदेशी कंपनी, शेतकऱ्याचं स्वातंत्र्य, अळीला येणारा प्रतिकार. खाणारा माणूस त्यात जवळपास नाहीच. कापूस अंगावर घालायचा, त्याच्याशी पोटाचा काय संबंध?

जिनिंगच्या गावात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद पटायला नको होता. क्विंटलभर कापूस आत गेला की रुई निघते पस्तीस किलोच्या आसपास. बाकी बहुतेक सरकी. वजनाने पाहिलं तर आपण कापूस पिकवत नाही, सरकी पिकवतो आणि वर थोडा कापूस मिळतो. ती सरकी तेलघाणीत जाते. देशात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक सरकीचं तेल निघतं आणि बरंचसं फरसाणाच्या कढईत संपतं. उरलेली पेंड म्हशीच्या घमेल्यात. तिने दूध दाट उतरतं, असं कुठलाही गवळी सांगेल. देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली, तेव्हा हे सगळं आपोआप बीटी झालं. कुणी लपवलं नाही, कुणी विचारलंही नाही.

शुद्ध केलेल्या तेलात जनुक आणि प्रथिनं जवळपास उरत नाहीत. पेंडीतलं प्रथिन जनावराच्या पोटात पचून जातं. मला त्या तेलात तळलेल्या शेवेची भीती वाटत नाही. तिच्यातल्या मिठाची आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची वाटते. पण सुरक्षित असणं आणि विचारलेलं असणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी पहिल्यांदा घडली ती वांग्याच्या वेळी.

ऑक्टोबर 2009 मध्ये जनुकीय मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मारण्यासाठी मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलं होतं, कपाशीतलंच. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय थांबवून सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या; त्यात महाराष्ट्रातलं नागपूर होतं. शास्त्रज्ञ, शेतकरी, वैद्य, गृहिणी सगळे बोलले, ओरडलेही. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी बेमुदत स्थगिती जाहीर केली. घाई करण्याचं कारण नाही, शास्त्रज्ञांत एकमत नाही, राज्यं तयार नाहीत, असा त्यांचा रोख. भारत हे वांग्याच्या विविधतेचं माहेरघर, हाही मुद्दा होता. जळगावच्या दृष्टीने तोच सर्वांत वजनदार, कारण वांग्याच्या फुलावर मधमाशी बसते आणि घरचं बियाणं राखणाऱ्याच्या शेतात शेजारचा पराग येऊ शकतो.

स्थगिती मला तेव्हाही योग्य वाटली होती. तिच्यामागून जे झालं नाही, ते खुपतं. अळी काही स्थगित झाली नव्हती. वांग्यावर फवारे पडतच राहिले. आठवड्याला एक तर कमीच म्हणायचा. तोडणीच्या आदल्या दिवशीही पंप पाठीवर घेणारे आहेत. बीटीच्या समर्थकांनी हा मुद्दा मांडला, पण तो बियाणं खपवण्याची जाहिरात म्हणून ऐकला गेला. विरोधकांना तो अडचणीचा होता. मग जनुक अडवलं गेलं, औषध मोकळं राहिलं, आणि बाजारात वांगं घेणारी बाई पूर्वीसारखीच ते मिठाच्या पाण्यात बुडवत राहिली. बांगलादेशाने 2013 मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली. इकडे 2019 मध्ये हरियाणातल्या फतेहाबादला बंदीतलं वांगं शेतात सापडलं, तर त्याच वर्षी जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने मान्यता नसलेली तणनाशकरोधक कपाशी उघडपणे पेरली. रेघ दिल्लीत होती, शेतात नव्हती.

दरम्यान कपाशीतही अळीने आपलं काम केलं. अळीचा प्रतिकार लांबवायला पिशवीसोबत मिळणारी बिगरबीटीची पुडी कडेने लावायची होती. ती बांधावर फेकली गेली. फरदड घेऊन उन्हाळ्यापर्यंत पीक उभं ठेवलं गेलं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाल्ली. हे अपयश जनुकाचं की वापरणाऱ्याचं, यावर आजही पारावर हाणामारी होऊ शकते. माझ्या मते दोघांचंही. आणि नियम करून घरी बसलेल्यांचंही.

कागदावर खाणाऱ्याची आठवण ठेवली गेली. 1 जानेवारी 2013 पासून वजनमापाच्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेलं अन्न असलेल्या पाकिटावर वरच्या बाजूला ‘जीएम’ ही अक्षरं छापायची आहेत. मी तरी ती सरकीच्या तेलाच्या डब्यावर पाहिलेली नाहीत. तेलात जनुकच नाही तर छापायचं कशाला, असं उत्तर मिळू शकतं, आणि ते अगदीच खोटं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्राने बारा लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कारण दिलं गेलं ते असं: तेल काढलेल्या पेंडीत जिवंत असं काही नाही. कोंबडी खाते, आपण कोंबडी खातो. रेघ अजून एक पायरी मागे सरकली.

जीएम मोहरीच्या डीएमएच-11 या वाणावर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरोधी पडली. मोहरीचं तेल खानदेशात कमी; इथे त्याची चर्चा झाली नाही. पण मार्च 2022 मध्ये केंद्राने बाहेरचं जनुक न घालता, पिकाच्याच जनुकांत फेरफार करून केलेल्या वाणांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे 2025 मध्ये भाताची तशी दोन वाणं जाहीर झाली. त्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली.

आता रेघ ताटावरून निघून पेशीच्या आत गेली आहे, जिथे जीभ पोचत नाही आणि बाजारातली नजरही. उद्या कुणी भरताच्या वांग्यातच अशी दुरुस्ती करून अळी हटवली, तर फवारे थांबतील म्हणून मी कदाचित आनंदाने ते वांगं घेईन. पण तेव्हा सात शहरांत सुनावणी घेण्याचं बंधन कुणावर नसेल. घेतलीच, तर एक सुनावणी जळगावला व्हावी, आणि बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्याइतकाच वेळ पेंड विकत घेणाऱ्या गवळ्यालाही बोलायला मिळावा.