मेहेरबानी आणि इज्जत

मागे पडलेल्याला संधी मिळावी, असे सारेच म्हणतात. पण दयेपोटी दिलेली संधी ही संधी असते की खैरात? शिक्षकी पेशात असलेल्या आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील एका बेसबॉल खेळाडूची हकिकत या बाबतीत विचार करण्यासारखी आहे.

तेथे बहुतेक खेळाडू आधी 'मायनर लीग'मध्ये, म्हणजे दुय्यम दर्जाच्या सामन्यांत, तुटपुंज्या पगारावर राबतात. 'मेजर लीग'चा दरवाजा फार थोड्यांसाठी उघडतो. अ‍ॅडम ग्रीनबर्गसाठी तो ९ जुलै २००५ रोजी उघडला. वय २४. शिकागो कब्जकडून तो फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध फलंदाजीला उभा राहिला आणि ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा पहिलाच चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. चक्कर आणि दृष्टीचा त्रास मागे लागला. चेंडू अंगावर बसला की ती फलंदाजाची अधिकृत पाळी धरत नाहीत, असा या खेळाचा नियम आहे. म्हणजे वर्षांची मेहनत, आणि हिशेबात शून्य! नशिबी पुन्हा मायनर लीग आली.

पुढे त्याच्यासाठी मोहीम झाली. २ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याच मार्लिन्स संघाने त्याला एका दिवसाचा करार दिला. समोर न्यूयॉर्क मेट्सचा आर. ए. डिकी होता, त्या मोसमातला अव्वल गोलंदाज. तीन चेंडू पडले आणि ग्रीनबर्ग बाद झाला.

कोणी म्हणेल, हा तर तमाशा! करारात मेहेरबानी होती, हे आम्हांलाही मान्य आहे. पण डिकीच्या चेंडूत ती नव्हती. त्याने एखादा सोपा चेंडू टाकला असता तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि ग्रीनबर्गच्या हाती खैरात पडली असती. डिकीने त्याला खरा फलंदाज मानले, म्हणून त्याचे बाद होणेही खरे ठरले. आज नोंदवहीत त्याच्या नावावर एक अधिकृत पाळी आहे. ती त्याची स्वतःची आहे.

फेरपरीक्षेला बसलेल्या मुलाबद्दल आम्हांला हेच वाटते. दार उघडताना दया असावी. फीस, पुस्तके, वेळ, जे देता येईल ते द्यावे. पण प्रश्नपत्रिका मात्र खरी असावी. दयेने दिलेले गुण मुलाला पुढच्या वर्गात नेतील, पण ते त्याचे होणार नाहीत. संधी देणे ही मेहेरबानी असू शकते. ती खरी ठेवणे ही मात्र त्याची इज्जत राखणे आहे.