बंदराची पत

कालिकतच्या जुन्या आख्यायिकांत लोणच्याच्या बरण्यांची एक गोष्ट आहे. ती निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते, सारांश असा. मस्कतकडचा एक व्यापारी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत असे आणि प्रत्येक राजापाशी एकेक बरणी ठेव म्हणून सोपवीत असे. बरणीत लोणचे आहे असे तो सांगे. आत सोने असे. ठेव मागावयास तो परतला की कोठे ना कोठे लोभ आडवा येई. एकटा कालिकतचा सामूतिरी, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतला झामोरीन, त्याला म्हणाला, ‘तुझी काही चूक झालेली दिसते, लोणचे म्हणून तू सोने ठेवून गेला होतास.’ व्यापाऱ्याने त्याच गावी कायमचे बिऱ्हाड केले.

अशी गोष्ट पुराव्यात दाखल करून घेण्यास कोणतेही न्यायालय धजावणार नाही. तथापि एखादे शहर स्वतःविषयी कोणती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत राहते, हाही एक प्रकारचा कबुलीजबाब असतो. कोणी आपल्या गावच्या शूराची गोष्ट सांगतात, कोणी संताची. कालिकतने आपल्या नावाची गोष्ट म्हणून निवडली ती ठेवीची.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात या ठेवीला नेमके नाव आहे. आतील वस्तू न सांगता, पात्रात बंद करून जी दुसऱ्याच्या स्वाधीन करतात, ती ‘उपनिधी’. ती जशीच्या तशी परत केली पाहिजे. (सामूतिरीने बरणी उघडली होती हे उघडच आहे, तेव्हा स्मृतीच्या काटेकोर अर्थाने त्याच्याकडूनही एक आगळीक घडली, पण ते असो.) याच नियमाला एक अपवाद जोडलेला आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने ठेव नेली असेल, तर ठेव घेणारा जबाबदार नाही. विद्यार्थिदशेत हा अपवाद मी पाठ केला आणि पुढे गेलो. बंदरांचा इतिहास वाचू लागल्यावर मात्र त्यातील पहिला शब्द टोचू लागला. परक्या व्यापाऱ्याची ठेव ज्याच्या हाती, तोच जर राजा असेल, तर दाद कोणाकडे मागावयाची? चोराविरुद्ध राजाकडे जाता येते, दैवाविरुद्ध देवळात. राजाविरुद्ध परदेशी खलाशाला कोणतेही दार नाही. माझ्या मते बंदराच्या नावलौकिकाचा प्रश्न येथे सुरू होतो.

कारण सामान्य समजूत अशी की, बंदर पाण्यावर मोठे होते. खोल खाडी, वाऱ्यापासून आडोसा, मागे सुपीक मुलूख, एवढे असले की शहर आपोआप उभे राहते. कालिकतला यांपैकी आडोसा नव्हता. तेथे नुसता उघडा किनारा. मोठी गलबते दूर समुद्रात नांगरून माल होड्यांनी किनाऱ्यावर आणावा लागे. मिरी काही एकट्या कालिकतच्या मागेच पिकत नव्हती; सबंध मलबारात पिकत होती. दक्षिणेस कोचीला त्याहून कितीतरी सुरक्षित जलाशय होता. असे असून पंधराव्या शतकात अरबस्तान, इराण, गुजरात आणि चीन येथील व्यापार कालिकतच्या वाळूवर येऊन थांबे. का?

या प्रश्नाचे उत्तर देणारे दोन साक्षीदार आहेत, आणि दोघेही परके आहेत. पहिला इब्न बतूता. १३४२ च्या सुमारास चीनला जाण्याच्या तयारीत तो कालिकतला आला आणि तेथेच वादळात त्याच्यासमोर त्याच्या ताफ्यातील जहाज फुटले. किनाऱ्यावर वाहून आलेला माल लोकांनी लुटू नये म्हणून राजाचे शिपाई त्यांना काठ्यांनी हटवीत होते, असे तो लिहितो. मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई. या एका शहरी तो मालकाचा राही, आणि म्हणूनच हे शहर भरभराटीस आले, असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसरा साक्षीदार अब्दुर रज्जाक, तैमूरपुत्र शाहरुखचा वकील. तो १४४२ साली आला. व्यापारी आपला माल उतरवून बाजारात निर्धास्त टाकून जातात, त्याची राखण जकातीचे अधिकारी करतात, विक्री झाली तर चाळिसावा हिस्सा घेतात आणि न झाली तर काहीच मागत नाहीत, असे तो नोंदवितो. भरकटून आलेले जहाज ‘समुद्राने दिले’ म्हणून गिळंकृत करण्याची रीतही येथे नाही, असे त्याने आवर्जून लिहिले आहे.

येथे वकिली दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अब्दुर रज्जाकला कालिकत मुळीच आवडले नव्हते. तेथील लोकांचा पेहराव, दरबाराची तऱ्हा, आपला मुक्काम, सर्वांविषयी त्याने नापसंतीच व्यक्त केली आहे. तारीफ करण्याची इच्छा नसलेल्या माणसाने केलेली तारीफ ही सर्वांत भरवशाची साक्ष होय.

आता कोणी विचारील, यात धर्म तो कोणता? हा तर निव्वळ हिशेब झाला. फुटलेले जहाज एकदा लुटून जे मिळते त्याहून दरवर्षी चाळिसावा हिस्सा घेऊन अधिक मिळते, हे कोणत्याही शहाण्या दुकानदाराला कळते. ज्या सचोटीने फायदा होतो, तिला सचोटी म्हणावे काय? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. न्यायालयात आम्ही करार पाळणाऱ्याचे अंतःकरण तपासत नाही. करार पाळला एवढे पुरते. परंतु नावलौकिक ही न्यायालयाबाहेरची गोष्ट आहे. तेथे लोक अंतःकरणही तपासतात, आणि त्याची एकच रीत त्यांना ठाऊक असते. शब्द पाळण्यात तोटा होईल असा दिवस उजाडेपर्यंत ते वाट पाहतात.

कालिकतवर तो दिवस उजाडला. वास्को द गामा १४९८ मध्ये प्रथम आला, तेव्हा तो अनेकांतील एक व्यापारी होता. १५०२ मध्ये तो आरमार घेऊन आला आणि त्याने मागणी केली की, शहरातील मुसलमान व्यापाऱ्यांना हाकलून द्या. मागणी मान्य केली असती तर युरोपचा व्यापार आणि तोफांपासून अभय, दोन्ही पदरात पडत होती. सामूतिरीने नकार दिला. हाती सापडलेल्या गरीब कोळ्या-खलाशांना गामाने फासावर लटकावले आणि शहरावर तोफा डागल्या. हिशेबी दुकानदाराने असा नकार दिला नसता. पुढे पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाशी संधान बांधले आणि व्यापाराचा मोठा ओघ तिकडे वळला. तात्पर्य, शब्दाची किंमत कालिकतने रोख मोजली.

परंतु एकाच बाजूचा कागद पुढे करणे माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. त्याआधी दोन वर्षे, १५०० साली, काब्रालच्या पोर्तुगीजांना याच शहरात वखार दिलेली होती. त्यांनी एका अरबी व्यापाऱ्याचे जहाज धरले, गाव खवळले, आणि जमावाने वखारीवर तुटून पडून पन्नासांहून अधिक माणसे कापून काढली. तेही पाहुणेच होते, राजाच्या परवानगीने राहिलेले. कुरापत त्यांची असेल. पण अपराध्याला शिक्षा करणे आणि पाहुण्यावर जमाव सोडणे यांत जे अंतर आहे, तेच शहर आणि रान यांत आहे. काब्रालने पुढे जहाजे जाळून आणि शहरावर मारा करून जो सूड घेतला, त्याने या चुकीचे परिमार्जन होत नाही.

या सर्व कथेत आम्हा गोमंतकीयांचे चित्त गोव्याकडे ओढ घेते. गोव्याला पाणी होते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांची मुखे, मध्ये सुरक्षित बेट, मागे घाटवाटा. निसर्गाने हात आखडता घेतला नव्हता. आणि पोर्तुगीजांपूर्वीच्या गोव्याला कालिकतसारखी पतही होती. अकराव्या शतकातील कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात अरबी वंशाच्या एका मुसलमान अधिकाऱ्याचा गौरव आहे आणि गोपकपट्टणातील मशिदीसाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावण्याची अनुज्ञा आहे. सोमनाथाच्या यात्रेस निघालेल्या कदंब राजाचे जहाज वादळात सापडले असता त्याच घराण्यातील पूर्वजाने त्याला साह्य केले, अशी त्यामागची हकिकत. सोमनाथाचा यात्रेकरू आणि मशिदीचा कर एकाच ताम्रपटावर येतात, आणि कोरणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटले नाही.

१५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकले आणि लवकरच ते पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे वैभवशाली केंद्र झाले. त्याच्या वैभवाची वर्णने खोटी नव्हेत. पण १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली, १५६० च्या पुढे साष्टीतही तेच झाले, आणि १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत टिकले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. नदीपलीकडचे ते अंत्रूज त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होते. आपण आजही कवळ्याच्या जत्रेला जातो, पालखीला खांदा देतो. ही देवी येथे ठेव म्हणून आली, याचे भान उत्सवाच्या गर्दीत क्वचितच राहते.

विशेष असे की, पैशाच्या व्यवहारात पोर्तुगीजांनी हिंदूंना दूर केले नाही. महसुलाचे बहुसंख्य मक्ते हिंदूंच्याच हाती राहिले. त्यांच्यावाचून राज्य चालत नव्हते. हाताला काम, देवाला बंदी! शब्द दिला तो वहीपुरता. परंतु व्यापारी बंदरात उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे देव, त्याचे पितर, त्याच्या मुलींची लग्ने हेही उतरत असते. १६७७ साली दीवच्या नीमा पारेख या वाण्याने मुंबईस येण्यापूर्वी इंग्रज कंपनीपुढे लेखी अटी ठेवल्या. त्यांत जकातीइतकाच भर आपल्या धर्माचरणावर, आवारात जीवहत्या न होण्यावर आणि आपल्या रीतीने प्रेतदहन करण्यावर होता. दीव कोणाच्या अमलाखाली होते, हे आठवले म्हणजे त्या अटींचा मसुदा कोणी शिकविला ते कळते. मुंबईलाही तेव्हा फारसे नाव नव्हते. दलदल, ताप आणि काही बेटे, एवढेच. गोव्यातून निघालेली कुटुंबेही दक्षिणेस कोचीपर्यंत पांगली आणि तेथे तिरुमल देवस्वमाच्या भोवती त्यांची नवी वस्ती झाली. जुने गोवे ओसाड पडण्यास रोगराई आणि डचांची स्पर्धा ही कारणे होतीच. ती नाकारण्याचे प्रयोजन नाही. १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीस गेली तेव्हा तेथे चर्चे तेवढी उभी होती. मात्र ताप मुंबईतही होता. तापाच्या गावी माणसे येत राहतात की तेथून निघून जातात, हे केवळ डासांवर ठरत नसावे.

गोव्याचा दोष सांगून आपली सुटका करून घेणे सोपे आहे. पण १६०० साली कालिकत आणि गोवे ही दोन शहरे एकाच प्रकरणात एकत्र आली, आणि तेथे मला कालिकतचा वकील राहणे कठीण जाते. मरक्कार घराण्यातील कुंजाळी हे पिढ्यान् पिढ्या सामूतिरीचे आरमार सांभाळीत आणि पोर्तुगीजांशी झुंजत. चौथ्या कुंजाळीची वाढती सत्ता सामूतिरीला सलू लागली. त्याने चक्क पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून त्याच्या कोटाला वेढा घातला. जीव वाचविण्याच्या वचनावर कुंजाळी सामूतिरीला शरण आला. पोर्तुगीज कप्तानाने त्याला तेथल्या तेथे पकडून नेले. गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला आणि देहाचे तुकडे लोकांच्या दृष्टीस पडतील असे टांगले गेले.

ज्याने परक्या व्यापाऱ्यांसाठी तोफा सोसल्या, त्या गादीने आपल्याच सेवकाला दिलेले अभय सोडून दिले. सामूतिरीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पकडले ते पोर्तुगीजांनी. ठेव चोराने नेली. पण ज्याने चोराला स्वतः घरात बोलावले, त्याला स्मृतीचा अपवाद लागू पडतो काय? मला तसे वाटत नाही. विशेषतः जेथे तळीच्या शिवमंदिरात दरवर्षी पंडितांची सभा भरे आणि मीमांसेवर वाद घालून थैल्या मिळविल्या जात, त्या नगरीत या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणी नव्हता, असे मानणे कठीण आहे.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी कोळिकोडला गेलो होतो. बंदर म्हणून आता त्या किनाऱ्याला महत्त्व नाही. थोडीफार जी जहाजे येतात ती दक्षिणेस बेपूरला. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला साहित्यनगरी म्हणून मान दिला. पण तेथील लोक अजूनही आपल्या गावाला सत्याचे बंदर म्हणतात, आणि रिक्षावाला उरलेले दोन रुपये मोजून देताना त्या नावाची आठवण करून देतो. तळीच्या देवळातून निघून मी कुट्टिचिऱ्याला मिश्काल मशीद पाहावयास गेलो. चौदाव्या शतकात एका परदेशी नाखुद्याने बांधलेली, कौलारू, केरळच्या देवळाच्या धाटणीची ती वास्तू १५१० च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी पेटवून दिली होती. त्याच वर्षी त्यांनी गोवे घेतले. तळ्याकाठच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या जळिताची हकिकत मला मोठ्या आत्मीयतेने सांगितली. मी त्यांना १६०० सालाविषयी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘त्यासाठी इरिंगलला जा. कुंजाळीचे घर तेथे राखून ठेवले आहे. बसने जाता येते.’

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. मी गेलो नाही.