हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सिनेमाचें तिकीट दहा रुपयांनीं वाढलें, कीं आम्ही प्राध्यापक मंडळी औरंगपुऱ्यांत चहा घेत तासभर हळहळतों. पण मोबाइलवर फुकट खेळ घेतांना त्याचें मोल विचारावें, हें मात्र सुचत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. "माझ्यापाशीं लपविण्यासारखें आहे तरी काय?" असें म्हणून मीं तो खुशाल सोडलाही! स्वतःपुरतें हें औदार्य ठीक. परंतु त्या खेळानें संपर्कयादी मागितली आणि मीं 'अनुमति' दाबली, तेव्हां शेंकडों विद्यार्थ्यांचे क्रमांक गेले. त्यांत मावशीचाही गेला. ते माझ्या मालकीचे कुठें होते? आपला क्रमांक सांगतांना मावशी म्हणाली होती, "कोणाला देऊं नकोस हो."