एका पानात किती रोप?

आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी समोर घ्या. घरात नसेल तर नर्सरीतल्या फळीपुढे उभे आहात असं समजा. नजर आधी फुलांवर जाईल, जाऊ दे. मग ती सावकाश खाली आणा, पानांच्या चक्राच्या मधोमध, जिथे नखाएवढी कोवळी पानं दाटीवाटीने वर येताहेत. गाभा हिरवा, टवटवीत आणि कोरडा असेल तर रोप चांगलं. कुंडी हाताला जड लागते, माती ओली आहे आणि तरी पानं मान टाकून बसली आहेत, म्हणजे मुळं कुजायला लागली. अशा रोपाला फुलं कितीही असोत, उचलू नका. देठांच्या बेचक्यांत पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो घरच्या बाकी कुंड्यांवरही जाईल.

आता पानावरून बोट फिरवा, अगदी हलकं. मांजराच्या कानावरून फिरवावं तसं लागेल. ही लव पाण्याचा थेंब धरून ठेवते. उबेत असलेल्या पानावर गार पाणी पडलं की तिथल्या पेशींना इजा होते आणि फिकट कडी उमटतात. ती पुन्हा पुसली जात नाहीत. म्हणून पाणी बशीत द्यायचं, खोलीत ठेवून कोमट झालेलं, आणि अर्ध्या तासाने बशीत उरेल ते ओतून टाकायचं. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पुन्हा पाणी नाही.

ही खोड कुठली, याचा क्षणभर विचार करा. टांझानियाच्या ईशान्येला उसांबाराचे डोंगर आहेत. तिथल्या दाट सावलीत, खडकाच्या कपारीतल्या मूठभर मातीत हे झाड वाढतं. पाणी मिळतं, पण साचत नाही. तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात असताना तिथला अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर याने 1892 मध्ये हे झाड पाहिलं आणि जर्मनीत वडिलांकडे धाडलं. हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेचे हरमान वेंडलांड यांनी 1893 मध्ये बापलेकांच्या आडनावावरून त्याला सेंटपॉलिया म्हटलं. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही. आपल्याकडचं नातं शोधायचं तर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या, सावलीतल्या दरडींवर निळी फुलं घेऊन येणारं ऱ्हिंकोग्लॉसम याच कुळातलं. मूळच्या रानात मात्र जंगलतोडीमुळे सेंटपॉलियाच्या काही जाती संपायच्या बेतात आहेत, आणि इकडे जगभरच्या खिडक्या त्यांच्या वंशजांनी भरल्या आहेत.

खिडकी पूर्वेची असावी, ऊन थेट नको. कुंडी लहानच हवी, रोपाच्या पसाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. पुण्यानाशकाची थंडी त्याला घरात मानवते. कोकणातला मे महिना नाही.

आता एक पान निवडा. अगदी बाहेरच्या फेरीतलं नको, ते थकलेलं असतं, गाभ्यालगतचंही नको. मधल्या फेरीतलं, देठासकट. देठ इंचभर ठेवून धारदार ब्लेडने तिरका छेद द्या, ओलसर कोकोपीट आणि परलाइटमध्ये खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडात ठेवून द्या. मग काहीच होत नाही. मुळं यायला महिनाभर, मातीवर पिल्लं दिसायला आणखी महिना-दोन महिने. मुळं फुटली का म्हणून उपटून बघण्याची इच्छा रोज होईल.

त्याऐवजी त्या छेदापाशी मनाने जाऊन बसा. पानात तयार होणारं ऑक्झिन देठातून खाली उतरत असतं. आता वाट तुटली, म्हणून ते छेदाजवळ साचतं आणि तिथे मुळं धरतात. पुढे देठाच्या कातडीतली एखादी पेशी, जिचं आजवरचं काम फक्त आतलं झाकायचं होतं, विभागू लागते, आणि तिच्यातून गाभा, पानं, फुलं असलेलं सबंध रोप उभं राहतं. खोचलेलं पान स्वतः रोप होत नाही. ते पानच राहतं. पिल्लं वेगळी केल्यावर देठाला नवा छेद देऊन पुन्हा खोचलं तर पुन्हा पिल्लं देतं.

लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने 1927 मध्ये ज्या दहा जाती बाजारात आणल्या, त्यांत एक ‘ब्लू बॉय’ होती. तिचं अस्सल रोप आज कुणाच्या खिडकीत असेल तर ते तिचं नातवंड नव्हे. पानातून पान असं करत आलेलं तेच झाड. त्याचं वय काय सांगायचं?

इथवर आलात की वाटतं, पानात सगळं आहे. तेव्हा पाकळीच्या मधोमध लांब पट्टा असलेली जात आठवा. तिला कायमेरा म्हणतात. तिच्या अंगात दोन वेगळ्या जनुकांच्या पेशी थराथराने राहतात, आणि पट्टा त्या थरांच्या रचनेतून येतो. पानातून येणारं रोप एकाच थरातल्या पेशींपासून बनतं, म्हणून त्याला बहुधा साधी, एकरंगी फुलं येतात. पट्टा कुठल्याच एका पेशीत नव्हता. तो हवा असेल तर बहुधा रोपाचा गाभाच काढतात, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटवे येतात आणि त्यांत थर जसेच्या तसे उतरतात. आपल्या सुंदर रोपाचा गाभा खुडायला हात धजत नाही, त्यामुळे अशी रोपं महागच मिळतात.

तेव्हा पट्ट्याच्या रोपाचं पान कुणी मागितलं तर खुशाल द्या, पण फूल तसं येणार नाही हे आधी सांगा. फुटवाच मागितला तर घरच्यांना विचारून सांगतो म्हणावं.