देव, परमेश्वर आणि दोन ज्ञानदेव

फोनवर मराठी बायबल असेल तर उत्पत्तीचा पहिला अध्याय काढा. प्रचलित भाषांतरात सृष्टी निर्माण करणारा तिथे नुसता 'देव' आहे. दुसऱ्या अध्यायात, चौथ्या वचनापासून, तो अचानक 'परमेश्वर देव' होतो. ही भाषांतरकाराची लहर नाही. मूळ हिब्रूतच आधी 'एलोहीम' आहे, मग 'याहवे एलोहीम'. नावाबरोबर गोष्टही बदलते. पहिल्यात प्राणी आधी आणि स्त्री-पुरुष एकदमच, शेवटी. दुसऱ्यात पुरुष आधी, मग झाडं, प्राणी, आणि सगळ्यांत शेवटी बाई.

1753 मध्ये झाँ आस्त्रुक या फ्रेंच डॉक्टरने नावांचा हाच धागा धरून मजकूर उसवला. मोशेने जुनी टिपणं एकत्र जोडली असणार, असं त्याचं म्हणणं. त्याला मोशेचं कर्तेपण वाचवायचं होतं. पुढच्या शतकात जर्मन अभ्यासकांनी तोच धागा ओढून मोशेलाच बाजूला काढलं. (लेखक कोण हे शोधणाऱ्या त्या पुस्तकावर आस्त्रुकने स्वतःचं नाव छापलं नव्हतं!)

आपल्याकडेही हे झालंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक'मध्ये मांडलं, की ज्ञानेश्वरीचा कर्ता वेगळा आणि अभंगांचा वेगळा. त्यांचा एक मोठा मुद्दा देवाच्या नावाचाच होता. ज्ञानेश्वरीत नाथपंथी, शैव वळण. विठ्ठलाचा गजर नाही. अभंगांत विठ्ठलच विठ्ठल. पुढे बहुतेकांनी ज्ञानदेव एकच मानले.

मलाही नुसत्या नावाचा पुरावा पुरत नाही. मी पोंभुर्ण्याचा. इथला गोंड माणूस घरात गोंडीत 'पेरसापेन' म्हणतो आणि बाजारात मराठी बोलताना त्याच थोरल्या देवाला 'बडादेव' म्हणतो. तोंड एक, नावं दोन. शिवाय ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे, तिथे कृष्ण बोलणार.

पण हिब्रू ग्रंथात नाव एकटं येत नाही. नोहाच्या तारवात 'देव' प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगतो, 'परमेश्वर' शुद्ध प्राण्यांच्या सात. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लोक याहवेचं नाव घेऊ लागतात. निर्गमच्या सहाव्यात देव म्हणतो, या नावाने मी पूर्वजांना कळलो नव्हतो. इथे हात एकाहून जास्त आहेत, हे मला पटतं.

मग दुसऱ्याच्या नावावर लिहिणं ही फसवणूक का? व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचीही कविता पु. लं.च्या नावावर फिरते, तेव्हा आपण चिडतो. 'नामा म्हणे' म्हणून स्वतःला पुसून टाकणाऱ्या अनामिकावर मात्र मला चिडता येत नाही. त्याला काही मिळवायचं नव्हतं. कायद्याचं तसं नाही. न ऐकणाऱ्या मुलाला गावाने दगडांनी मारावं, हा अनुवादातला नियम मोशेच्या तोंडी आहे. तो मोशेचा नसेल, तर ज्याने ते नाव वापरलं त्याला मी जाब विचारणार. गाण्याला नाव उसनं घेणं वेगळं, शिक्षेला घेणं वेगळं.

ही पानं जोडणाऱ्याबद्दल मात्र मला आदर वाटतो. एक नाव खोडून सगळीकडे दुसरं घालणं त्याला सहज जमलं असतं. त्याने दोन्ही नावं ठेवली, एक जोडी ठेवली आणि सातही ठेवल्या.